लागला का, मास्तर?

जीपचा दरवाजा नीट लागलेला नाही, हे मला दिसलं होतं. तरीही मी पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि जीप पुढे गेली. पुढच्या वळणावर तो दरवाजा उघडला आणि हिरावहिनी रस्त्यावर पडल्या. जीप बाळारामदादांची होती आणि हिरावहिनी त्यांची बायको. त्याच दिवशी सकाळी त्या दरवाज्याचं लॉक दादांनी स्वतःच्या हातानं जुळवलं होतं, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं ते आपल्या हाताला दोष देत राहिले. दोष त्यांच्या हाताचा नव्हता. हे सांगू शकणारा माणूस मी होतो आणि मी गप्प बसलो. खरं तर नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी त्याहून वाईट केलं. ते पुढे येईलच.

बाळारामदादा आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं तर ही गोष्ट टाळून लिहिता येणार नाही, म्हणून ती आधी सांगितली. पण त्यांची ओळख त्या एका सकाळपुरती राहिली, तर तो माझ्याकडून त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल.

मी भिवंडीचा. आमचं घर गावातल्या जुन्या आळीत आहे, आणि नोकरी अनगावच्या पुढे एका खेड्यातल्या हायस्कुलात, लिपिक म्हणून. एसटी वेळेवर आली तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी जीप. भिवंडीहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या जीपांच्या रांगेत बाळारामदादांची जीप लांबून ओळखू यायची. बाकीच्या जीपांचे दरवाजे धाडधाड वाजत, कुणाचा दोरीनं बांधलेला, कुणाचा आतून हात घालून उघडायचा. दादांच्या जीपचा दरवाजा एका बोटानं उघडायचा आणि एका हातानं लागायचा. लागताना त्यातून दोन आवाज यायचे. आधी एक बारीक 'टक्', त्याच्या मागोमाग दुसरा, जरा जड.

हे दोन आवाज म्हणजे दादांचा धर्म होता. नवा माणूस गाडीत बसला की त्याला ते शिकवणीच द्यायचे. "पयला आवाज आला म्हंजे दरवाजा नुसता टेकलाय. धक्का बसला की सुटनार. दुसरा आवाज आला की धरलान. दोन आवाज आयकायचे, मंग थाप मारायची."

थाप मारायची पद्धतही त्यांचीच. वाटेत जो उतरेल त्यानं दरवाजा लावायचा, दोन्ही आवाज ऐकायचे आणि पत्र्यावर दोनदा थाप मारायची. तोवर दादा गाडी हलवत नसत. एवढं करूनही आरशात बघून विचारायचेच, "लागला का?" जीप माणसांनी खच्चून भरलेली असायची, मागचं काही दिसायचं नाही. उतरणाऱ्या माणसाची थाप आणि त्याचा शब्द, एवढ्यावर गाडी पुढे जायची.

कुणी दरवाजा आपटला की मात्र ते खाली उतरायचे. शेलार गावात कापडाच्या लूमवर कामाला असणारे एक चाचा रोज आमच्याबरोबर असायचे. रात्रपाळी करून झोपेत चालत यायचे आणि दरवाजा असा आपटायचे की आम्ही सगळे दचकायचो. दादा उतरून मागे यायचे, दरवाजा उघडायचे आणि हळूच लावून दाखवायचे. "चाचा, ऐसा. उसका कान है, सुनता है वो."

"बालाराम भाई," चाचा डोळे न उघडता म्हणायचे, "दरवाजा है या दुल्हन?"

"दुल्हन समजो. पन आपकी न्हाय, मेरी."

मागच्या बाकावरून हिरावहिनी म्हणायच्या, "मंग मी कोन?" आणि जीपभर हसू पसरायचं.

हिरावहिनी आठवड्यातून दोन-तीनदा भिवंडीच्या बाजारात भाजी विकायला यायच्या. काकडी, भेंडी, पावसाळ्यात रानभाज्या. सकाळी लवकरच्या फेरीला नवऱ्याच्याच जीपनं यायच्या आणि पाटी रिकामी झाली की त्याच जीपनं परत. नवऱ्याची गाडी म्हणून त्यांना चांगली जागा कधी मिळाली नाही. दादांचा नियम होता, पॅसेंजर आधी बसणार, घरचं माणूस उरलेल्या जागेत. त्यावरून दोघांची रोज जुंपायची.

"घरात बी दाराशीच बसते, गाडीत बी दाराशीच," वहिनी म्हणायच्या.

"दाराशी बसलीस म्हंजे लवकर उतरशील."

"उतरली तर परत चढायची न्हाय हां."

"पाटी वर हाय तुजी. जाशील कुटं?"

मला ते मास्तर म्हणायचे. पहिल्या दिवशीच मी सांगितलं होतं की मी मास्तर नाही, ऑफिसात असतो. त्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. "शालंत जातंय तो मास्तर न्हाय तर काय कंडक्टर?" त्यानंतर मी कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. शाळेत मला 'अहो क्लार्क' म्हणून हाक मारणारे मास्तर होते; जीपमध्ये मी मास्तर होतो.

दादा ठेंगणे, रुंद खांद्यांचे. गळ्यात टॉवेल, वरच्या खिशात फुटाण्यांची पुडी. हॉर्न वाजवायला त्यांना आवडत नसे. वडप्याच्या गोडाऊनांकडून येणारे कंटेनर सगळा रस्ता अडवून उभे असत, मागून लोक हॉर्नचा गोंगाट करत, आणि दादा एकेक फुटाणा तोंडात टाकत शांत बसून राहत. "त्याला जायाला जागा न्हाय, मी वरडून काय व्हनार?" पण दरवाजा सैल वाजला की हाच माणूस अस्वस्थ व्हायचा. मग तो दरवाजा कुणाचाही असो. आमच्या शाळेच्या ऑफिसात एकदा दाखला न्यायला आले, तर दाखला टेबलावर ठेवून कपाटाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. ते दार मी रोज गुडघा लावून बंद करत असे. दादांनी माझ्याकडून पेचकस मागून घेतला आणि दार सरळ करून मगच दाखला उचलला. वर मलाच म्हणाले, "रोज लाथ मारत व्हतात व्हय बिचाऱ्याला?"

त्यांच्या पुतणीच्या लग्नाला मी गेलो होतो. वरात निघायची वेळ झाली. नवरी सजवलेल्या गाडीत बसली, बायका रडू लागल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि गाडीचा दरवाजा लागेना. दोघा-तिघांनी आपटून बघितला. दादा गर्दीतून वाट काढत आले, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि दरवाज्यापाशी उकिडवे बसले. नवरीचा बाप, म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, डोळे पुसत म्हणाला, "बाला, आता सोड रे. जाऊ दे तिला."

"जाऊ दे काय? अर्ध्या दरवाज्यानं जाऊ दे?"

वाजंत्री थांबली. बायकांचं रडणं थांबलं. सगळी वरात एका माणसाच्या पाठीकडे बघत उभी. शेवटी त्यांना दिसलं की नवरीच्या शालूचा काठ लॉकच्या तोंडात दुमडून अडकला होता. त्यांनी तो नखांनी अलगद सोडवला, तिच्या मांडीवर नीट ठेवला, दरवाजा लावला, दोन आवाज ऐकले. मग पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि थापा मारल्यावर हा माणूस असा काही रडला की भावालाच त्याला धरावं लागलं. तेव्हापासून जीपमध्ये बायका बसल्या की ते दरवाजा लावायच्या आधी विचारायचे, "पदर आत घेतला का, ताय?"

अपघाताच्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर स्टँडवर पोचलो होतो. दादा पहाटेच गावाकडून माणसं घेऊन आले होते आणि परतीच्या फेरीसाठी गाडी लावून मधल्या बाकाच्या दरवाज्याशी काम करत बसले होते. हिरावहिनी बाजार न करताच परत निघाल्या होत्या. भावाकडून सांगावा आला होता, आई आजारी आहे म्हणून. भरलेली पाटी जीपच्या टपावरच होती.

त्या दिवशीचं त्यांचं काम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. पुढे मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

रोजच्या खड्ड्यांनी आणि माणसांच्या ओझ्यानं दरवाजा खाली बसला होता. लागताना त्याचं लॉक खांबावरच्या कडीला वरच्या बाजूला घासत होतं. दादांनी आधी दरवाजा उघडून खालून दोन्ही हातांनी उचलून बघितला. बिजागरी सैल आहे का, ते आधी बघायचं, म्हणाले. बिजागरी सैल ठेवून कडी हलवली तर ते फसवणं झालं. बिजागरीचे स्क्रू त्यांनी आवळले. मग कडीच्या भोवती पेन्सिलीनं रेघ ओढली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"चुकलं तर व्हतं तिथं परत येता आलं पायजे."

खिशातून त्यांनी वज्रेश्वरीच्या देवळातली कुंकवाची पुडी काढली, तेलाच्या थेंबात बोट बुडवून चिमूटभर कुंकू कडीला लावलं. चहाचा टपरीवाला ओरडला, "बालारामदादा, पूजा झाली का? प्रसाद कवा?" दादांचं लक्ष नव्हतं. त्यांनी दरवाजा लावला, उघडला आणि लॉकच्या तोंडात कुंकू कुठे लागलंय ते वाकून बघितलं. कडीचे स्क्रू ढिले केले, पण अगदी मोकळे नाहीत, कडी ठोकल्याशिवाय हलणार नाही इतपत. लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच एक ठोका खाली. परत कुंकू. परत दरवाजा. असं किती वेळा केलं असेल! ऐकताना ते तोंड किंचित उघडं ठेवायचे. तोंड मिटलेलं असलं की बारीक आवाज ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी वर्तमानपत्राची एक पट्टी दरवाज्यात धरून दरवाजा लावला आणि पट्टी ओढली. ती निघाली नाही, फाटली. तेव्हा कुठे ते हसले. स्क्रू घट्ट आवळून हात टॉवेलला पुसत म्हणाले, "मास्तर, लावून बगा."

मी लावला. टक्. आणि लगेच दुसरा, जड. इतका गोड लागलेला दरवाजा मी कुठल्या नव्या गाडीचाही पाहिलेला नाही.

"आता माज्यानंतर बी वाजनार न्हाय हा," ते म्हणाले.

जीप भरली. मधल्या बाकावर दाराशी मी, माझ्या शेजारी हिरावहिनी. वाटेत त्या आईविषयी बोलत होत्या. अनगाव सुटलं तसा माझा फोन वाजायला लागला. शाळेत तपासणीला अधिकारी येऊन बसले होते, मुख्याध्यापक चिडलेले, कपाटाची किल्ली माझ्याकडे. शाळेच्या फाट्यावर मी उतरलो तो फोन कानाशी, दुसऱ्या हातात बॅग. वहिनी सरकून दाराशी आल्या. मी दरवाजा कोपरानं ढकलला.

एकच आवाज आला.

मी बघितलं. दरवाज्याची कड बाजूच्या पत्र्यापेक्षा बोटभर बाहेर होती. ती मी स्पष्ट बघितली. बॅग खाली ठेवायची, दरवाजा उघडायचा आणि पुन्हा लावायचा, इतकंच काम होतं. फोनवर मुख्याध्यापक ओरडत होते. पुढून दादांचा आवाज आला, "लागला का, मास्तर?"

मी बॅगेच्या हातानं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि शाळेच्या दिशेनं वळलो. जीप गेली. मी शाळेच्या फाटकापर्यंत पोचलोही नसेन, तेवढ्यात पुलाजवळच्या वळणाकडून माणसांचा आरडाओरडा ऐकू आला.

वहिनी वाचल्या. उजवा खांदा आणि कोपर मोडलं. हाड पुढे नीट जुळलं नाही आणि तो हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. डोक्यावर पाटी घेणं संपलं. दरवाजा उघडून पुढच्या पत्र्यावर आदळला होता, त्यात बिजागरी वाकली, लॉक चेपलं. त्यामुळे कडी बरोबर होती की नव्हती, हे तपासण्यासारखं काही उरलं नाही.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेलो. दादा बाहेरच्या बाकावर बसले होते. शर्टाला वहिनींचं रक्त आणि नखांत सकाळचं कुंकू, दोन्ही एकाच रंगाचं दिसत होतं. मला बघून उभे राहिले. माझे दोन्ही हात त्यांनी धरले.

"मास्तर, एक विचारू? तुमी उतरलात तवा दरवाजा लागला व्हता ना?"

त्यांच्या प्रश्नात संशय नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शेजारी गावातली चार माणसं उभी होती, एक हवालदार काहीतरी विचारत होता. मी म्हणालो, "लागला होता, दादा. दोन्ही आवाज आले होते."

त्यांनी माझे हात सोडले आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मंग माज्या हातानंच पडली ती," ते म्हणाले.

मला तिथेच कळलं होतं मी काय केलं ते. दरवाजा लागला होता असं मी म्हटलं, म्हणजे लागलेला दरवाजा आपोआप सुटला, म्हणजे कडी चुकीची बसली होती. हे गणित त्यांनी एका क्षणात केलं आणि मी ते होऊ दिलं. उद्या सांगू, असं मनात म्हटलं. वहिनी घरी आल्या की सांगू. प्लास्टर निघालं की सांगू. असं म्हणता म्हणता इतका काळ गेला की आता सांगायला गेलो तर इतके दिवस का नाही सांगितलं, तेही सांगावं लागेल, याचीच भीती वाटायला लागली.

दादांनी जीप विकली. हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. स्टँडवरचे ड्रायव्हर मागाहून चेष्टा करायचे, कुणाचा दरवाजा वाजला की म्हणायचे, "बालारामाकडून करून घे, बायको बदलायची असंल तर." एकदा दादा कुठूनसे येऊन नेमके मागेच उभे होते. सगळे वरमले. दादा नुसते हसले आणि म्हणाले, "खरं हाय." मी तिथे चहा पीत होतो. तो चहा मी पुरा प्यालो.

वडप्याला एका गोडाऊनच्या गेटवर त्यांना वॉचमनची नोकरी लागली. माझ्या पुतण्याच्या कामासाठी मी एकदा तिकडे गेलो होतो तेव्हा ते दिसले. निळा शर्ट, शिटी, अंगानं निम्मे झालेले. एक कंटेनर बाहेर पडला, त्यांनी शटर ओढलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं. चार पावलं गेले, परत आले, परत ओढून बघितलं. मग तिथल्या एका हमालाला हाक मारली, "ताला लगा क्या, देख जरा."

"लगा है ना, चाचा. आपही ने लगाया."

"तू देख."

तो पोरगेला हमाल हसत आला, कुलूप हलवून गेला. दादांचं समाधान झालं. मला त्यांनी गेटवरच्या खुर्चीत बसवलं, फुटाणे दिले, शाळेची चौकशी केली. "मास्तर, तुमची कपाटं बरी हायत ना?" मी हो म्हणालो. खरं तर त्यांनी सरळ केलेलं ते दार पुन्हा खाली बसलं होतं आणि मी पुन्हा गुडघा लावत होतो.

त्यांच्या घरी मी सणासुदीला जायचो. का जायचो ते तुम्हाला कळलं असेलच. वहिनी डाव्या हातानं चहा आणून द्यायच्या आणि माझ्याकडे बघून काही न बोलता आत जायच्या. त्यांच्या घराचं पुढचं दार जमिनीला घासायचं. वरच्या बिजागरीचा एक खिळा निघाला होता, एवढंच. दार उघडलं की फरशीवर अर्धगोल ओरखडा पडायचा आणि तो दर वेळी जास्त खोल झालेला दिसायचा. ज्या माणसानं पुतणीची वरात थांबवली होती, तो माणूस त्या दारातून रोज ये-जा करत होता आणि त्याला हात लावत नव्हता.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता स्टँडवर कळलं की बाळारामदादांना हॉस्पिटलातून घरी पाठवलंय, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. त्या दिवशी घरी जाऊन मी पहिल्यांदा माझ्या बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय सांगता? त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दादा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. आडवं पडलं की धाप लागायची. मला बघून त्यांना आनंद झाला. "या मास्तर. शाला सोडून आलात?" वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या होत्या.

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा शाळेच्या, पावसाच्या गोष्टी निघाल्या असत्या. म्हणालो, "दादा, त्या दिवशी दरवाजा लागला नव्हता. माझ्या कानाला फोन होता. मी कोपरानं ढकलला. एकच आवाज आला. दरवाजा बाहेर आलेला मला दिसला. तरी मी थाप मारली. आणि हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

दादांची छाती वरखाली होत होती. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, पूर्वी आवाज ऐकताना असायचं तसं.

"एकच आवाज?" त्यांनी विचारलं.

"एकच."

मला वाटलं होतं ते आता आपल्या हातांकडे बघतील, कडी बरोबर होती असं काहीतरी म्हणतील. मी वाटभर त्याचीच तयारी केली होती. पण त्यांनी मान वळवून वहिनींकडे बघितलं.

"मंग तू खरं बोलत व्हतीस," ते म्हणाले.

वहिनींनी मान खाली घातली. मग त्या माझ्याकडे बघून बोलू लागल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "मी दाराशीच व्हती ना, मास्तर. मी बी आयकलं, एकच वाजला. पन तुमी थाप मारलीत. मला वाटलं, मास्तरांनी मारली म्हंजे लागला आसंल. हास्पिटलात शुद्धीवर आली तवा पयलं हेच सांगितलं मी यांना. म्हनाले, मला बरं वाटावं म्हनून सांगतेस तू. मास्तर कशाला खोटं बोलतील?"

"किती बारी सांगितलंस," दादा म्हणाले.

"मंग सोडून दिलं सांगायचं."

"आन मी तुला वरडायचो."

"जाऊ दे आता."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या खोट्यानं त्यांच्या हातावरचा विश्वास गेला, एवढंच मी धरून चाललो होतो. त्या घरात इतकी वर्षं एक बायको खरं बोलत होती आणि माझ्या शब्दाखातर तिचा नवरा तिला खोटं ठरवत होता. दर सणाला मी चहा प्यायला येत होतो आणि ती मला डाव्या हातानं कप देत होती.

"तुम्ही मला विचारलं का नाही, वहिनी?" मी कसंबसं म्हणालो.

"विचारनार व्हती. मंग म्हटलं, तुमी येताय ना सारखे. आज बोलतील, उद्या बोलतील."

दादांना धाप लागली. वहिनींनी डाव्या हातानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. धाप ओसरल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, तुमी आता जावा." रागावून नाही म्हणाले. पाहुणा खूप वेळ बसला की म्हणतात तसं. मी मान हलवली. मला अजून एक शब्द बोलायचा होता आणि तो तोंडातून निघत नव्हता. घडलं ते सगळं सांगून झालं होतं, तोच तेवढा राहिला होता. मी चपला घातल्या, बाहेर पाऊल टाकलं आणि दार ओढून घेतलं. दार त्या ओरखड्यावरून घासत आलं आणि चौकटीच्या अलीकडेच अडलं.

फटीतून मला खाट दिसत होती. दादांनी वहिनींचा उजवा हात, तो न उचलणारा, दोन्ही हातांत घेतला होता आणि कोपरापाशी बोटांनी हळूहळू चाचपून बघत होते. दरवाज्याची बिजागरी बघायचे तसेच, घाई न करता. वहिनी दुसरीकडे बघत होत्या. पाच-सहा दिवसांनी दादा गेले. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं.

दार वाजल्याचं त्यांनी ऐकलं असावं. मान वर न करता, जुन्या सवयीनं त्यांनी विचारलं,

"लागला का, मास्तर?"

माझा हात दाराच्या फळीवरच होता.

"नाही," मी म्हणालो. "नाही लागला, दादा. माझं चुकलं. वहिनी, माझं चुकलं."